फरशी वर आली, पाइप खालीच राहिला

नवीन टाइल बसवल्या आणि पावसाळा लागता लागता कमोडच्या बुडाशी ओल दिसू लागली, अशी घरं आमच्या भागात नेहमी भेटतात. बहुतेक ठिकाणी पांढऱ्या सिमेंटचा एक हात फिरवला जातो आणि गोष्ट पुढच्या पावसाळ्यावर जाते. दर्यापूर तालुक्यातल्या एका घरात मात्र तसं न करता सगळं उघडून, मोजून, पुन्हा बसवायचं ठरलं. मी आयटीआयमध्ये प्लंबिंग शिकवतो आणि सुटीच्या दिवशी गावोगावची कामंही करतो. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यातली चूक कुणा एकाच्या हातची नव्हती. ती दोन कामांच्या मधल्या जागेत झाली, आणि ती जागा आपल्याकडे कुणीच सांभाळत नाही.

घर पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. माती काळी, भारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. प्यायचं पाणी योजनेचं, वापरायचं बोअरचं आणि खारट. घराच्या मागच्या अंगाला न्हाणीघर आणि संडास एकाच खोलीत, त्याच्या भिंतीला लागून तूर-हरभऱ्याची कोठीची खोली. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत मिशन सुरू झाल्यानंतर १२,००० रुपयांच्या अनुदानातून इथं आधी साधं भारतीय भांडं बसलं होतं. नंतर आजींच्या गुडघ्यांनी दगा दिला. उकिडवं बसणं जमेना, तेव्हा घरच्यांनी सेप्टिक टँक बांधून कमोड बसवला. जमिनीवर उभा राहणारा, खाली तोंड असलेला, म्हणजे एस-ट्रॅपचा. खाली सिमेंटची घोटीव जमीन, चार इंची पीव्हीसी पाइप जमिनीच्या पातळीला कापलेला, आणि कमोडची खालची नळी त्यात उतरवलेली. फटीत सुतळी आणि सिमेंट. कितीतरी वर्षं ते बिनतक्रार चाललं.

मग घरात लग्न निघालं. घोटीव जमीन शेवाळायची, आजी एकदा घसरता घसरता वाचल्या होत्या, म्हणून लग्नाच्या निमित्तानं खरबरीत टाइल बसवायचं ठरलं. विचार अगदी योग्य होता. जुनी जमीन फोडली तर खालचा मुरूम मोकळा होईल, खर्च वाढेल, लग्नाची तारीखही जवळ आली होती. म्हणून टाइल जुन्या जमिनीवरच घ्यायची असं मिस्त्रींनी सुचवलं. त्यातही गैर काही नाही. जुनी जमीन पक्की असेल, तिला टाचे मारून घेतले असतील, तर वरून बसवलेली टाइल उत्तम टिकते. कमोड काढला, टाइल लावल्या, नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जमिनीतलं पाणी वाहून नेणाऱ्या तोंडाकडे, उतार दिला, पाइपभोवती टाइल गोल कापली, कमोड परत जागेवर ठेवला आणि बुडाभोवती पांढरं सिमेंट भरलं. दिसायला काम सुबक होतं. लग्नघरातल्या पाहुण्यांनी कौतुक केलं.

तक्रारी एकदम आल्या नाहीत. आधी आजी म्हणाल्या, बसताना हलल्यासारखं वाटतं. कुणी मनावर घेतलं नाही. मग पांढऱ्या सिमेंटला केसाएवढी चीर दिसली. आषाढात वास यायला लागला, तोही सकाळी कमी आणि दुपारी जास्त. टाइलच्या सांध्यांवर पांढरी भुकटी जमायला लागली. पोळ्याच्या सुमारास कोठीच्या खोलीतल्या दोन पोत्यांची बुडं ओलसर लागली आणि तेव्हा काकांनी फोन केला.

त्याआधी घरच्यांनी दोन उपाय करून पाहिले होते. चीर दिसली तेव्हा मिस्त्रींनी येऊन पांढऱ्या सिमेंटचा दुसरा थर दिला. तोही फाटला, तेव्हा दुकानातून सिलिकॉनची नळी आणून घरच्या मुलानंच चारी बाजूंनी जाड पट्टा ओढला. त्यानंतर बाथरूममधली ओल थांबली. सगळे निर्धास्त झाले. प्रत्यक्षात पाण्याची बाहेर यायची वाट तेवढी बंद झाली होती. ते आतल्या आत साचलं, टाइलखालच्या मालातून सरकलं आणि भिंतीच्या पायथ्यातून कोठीत निघालं. पोती भिजली ती या सिलिकॉननंतर.

मी गेलो तेव्हा वहिनींनी सगळ्यांच्या देखत न बोललेली एक गोष्ट बाजूला घेऊन सांगितली. वास आणि हलणं यामुळे आजी तिथं जायला टाळत होत्या, आणि जावं लागू नये म्हणून पाणीच कमी पीत होत्या. विदर्भातला भाद्रपद म्हणजे कडक ऊन आणि दमट हवा. ऐंशीच्या घरातल्या बाईनं अशा दिवसांत पाणी तोडणं किती धोक्याचं आहे हे सांगायला डॉक्टर लागत नाही. माझ्या दृष्टीनं हे काम त्या क्षणापासून तातडीचं झालं.

काकांचा अंदाज वेगळा होता. "भाऊ, पावसायाची ओल हाय ही. काया मातीत पाया हाय, दरवर्षी चढतेच थोडी." त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. काळ्या मातीतल्या पायाला पावसाळ्यात ओल चढते हे खरंच आहे, आणि पांढरी भुकटीही खारपाणपट्ट्यात कुठल्याही भिंतीला फुटते. पण भुकटी कुठं फुटली होती ते नीट पाहिलं. पावसाची ओल चढली असती तर ती बाहेरच्या भिंतीच्या कडेनं सारखी दिसली असती. इथं बाहेरची भिंत कोरडी होती. पांढऱ्या रेघा कमोडच्या मागच्या कोपऱ्यापासून निघून सांध्यासांध्यानं कोठीच्या भिंतीकडे गेल्या होत्या, कमोडजवळ दाट आणि पुढे विरळ. खारट पाणी जिथून वर येऊन वाळतं तिथं मीठ सोडून जातं. म्हणजे गळतीचा नकाशा जमिनीवर आपोआप काढून ठेवलेला होता.

तरी नकाशावर विसंबून कमोड उचलायचा नसतो. संडासात पाणी यायच्या वाटा अनेक असतात आणि सगळ्यात महागडी वाट आधी फोडणं म्हणजे घरच्यांच्या पैशाशी खेळ. आधी बुडाभोवतीचा सिलिकॉनचा पट्टा ब्लेडनं कापून काढला, म्हणजे पाण्याला खरं तोंड मिळेल. जमीन कोरड्या फडक्यानं पुसली, कमोडभोवती आणि फ्लशच्या टाकीखाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं. फ्लश न करता अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा छोटा नळ, चालू ठेवला. कागद कोरडा राहिला. म्हणजे कॉक, त्याची जोडनळी, जेट आणि टाकीत येणारं पाणी ठीक. मग टाकीतल्या पाण्यात कपड्यांची नीळ टाकून नुसतं थांबलो. टाकी आणि भांड्याच्या मधला वायसर गळत असेल तर निळा थेंब बाहेर दिसतो, दिसला नाही. मग अंघोळीच्या बाजूला बादल्या ओतल्या. पाणी नहाणी ट्रॅपकडेच गेलं, कमोडकडे एक ओघळही वळला नाही, म्हणजे टाइलचा उतार चांगला होता. मिस्त्रींच्या कामाला तेवढी दाद द्यायलाच हवी.

शेवटी नीळ कालवलेली बादली भांड्यात एका दमात ओतली. जरा वेळानं मागच्या कोपऱ्यातल्या चिरेतून निळं पाणी झिरपलं आणि कागदानं ते शोषलं. काका वाकून बघत होते. ते काही बोलले नाहीत, पोत्यांच्या खोलीकडे निघून गेले आणि पोती हलवायला लागले.

वासाचीही फोड करणं गरजेचं होतं. भांड्यात जे पाणी उभं राहतं तेच सेप्टिक टँकमधला वायू अडवतं. कमोडमध्ये हा पाण्याचा अडसर किमान ५० मिलिमीटरचा असतो. अनुदानातून बसणाऱ्या ग्रामीण भांड्यात तो २० मिलिमीटरच ठेवतात, कारण ते लोटाभर पाण्यात साफ व्हायचं असतं. इथं भांड्यातलं पाणी जागेवर होतं, सेप्टिक टँकचा हवेचा पाइप मोकळा होता, वर जाळीही होती. मग वास येत होता तो पाण्याच्या अडसराला वळसा घालून, भांड्याच्या खाली जिथं कमोडची नळी पाइपला मिळते त्या सांध्यातून. दुपारी सेप्टिक टँक तापला की आतला वायू जोर करतो, म्हणून तो दुपारी जास्त जाणवायचा.

चेंबरचं झाकणही उघडून पाहिलं, आणि तिथं एक जास्तीची गोष्ट सापडली. चेंबरमधला पाइप अर्धा पाण्यानं भरलेला होता. शोषखड्डा, म्हणजे सेप्टिक टँकमधून निघणारं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, पाणी घेत नव्हता. काळ्या मातीत हे होणारच. कोरडी असताना भेगांतून भराभर पाणी पिणारी ही माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि मग तिच्यातून पाणी जवळजवळ हलत नाही. त्यामुळे पावसाळ्यात बादली ओतली की पाणी लगेच पुढे न सरकता क्षणभर पाइपात वर चढायचं आणि थेट त्या कमजोर सांध्याला भिडायचं. लग्न वैशाखात झालं, गळती आषाढात दिसली, ती का, याचं अर्धं उत्तर इथं होतं. उन्हाळ्यात तो सांधा तितकाच वाईट होता, फक्त त्याच्यापर्यंत पाणी उभं राहत नव्हतं.

आजींना मूर्तिजापूरला लेकीकडे पाठवायचं ठरलं, कारण तिथं कमोड आहे. जाताना त्यांनी विचारलं, "काहून रे बाप्पा, आता तरी वास जाईन का?" मी हो म्हटलं.

कमोड उचलणं सोपं गेलं. पुष्कळ मिस्त्री कमोडचं पोकळ बूड वाळू-सिमेंटच्या मालानं ठासून भरतात. तसं असतं तर तो उचलताना फुटण्याचीच शक्यता जास्त होती. इथं फक्त कडेला पांढरं सिमेंट होतं. कॉक बंद करून टाकी रिकामी केली, भांड्यातलं पाणी फडक्यानं टिपून काढलं, करवतीचं पातं कडेनं फिरवलं आणि दोघांनी मिळून तो सरळ वर उचलून गोणपाटावर आडवा ठेवला. पाइपाच्या तोंडात लगेच कापडाचा बोळा घातला. त्याला दोरी बांधून दोरीचं दुसरं टोक कॉकला अडकवलं, कारण बोळा आत पडला तर दुसरंच दुखणं उभं राहतं. बोळा घातल्यानं वायू वर येत नाही आणि फोडाफोडीतली खडी पाइपात जात नाही.

आता मापं घेतली, आणि सगळं प्रकरण दोन आकड्यांत उघडं पडलं. कमोडची खालची नळी बुडापासून ४५ मिलिमीटर खाली येत होती. पाइपाचं तोंड नव्या टाइलच्या पृष्ठभागापासून ३३ मिलिमीटर खाली होतं. ८ मिलिमीटरची टाइल आणि तिच्याखाली उतारासाठी घेतलेला सुमारे २५ मिलिमीटरचा माल, मिळून ३३. पूर्वी पाइप जमिनीच्या पातळीला होता तेव्हा नळी त्यात ४५ मिलिमीटर उतरलेली होती. आता ती जेमतेम १२ मिलिमीटर, बोटाच्या जाडीएवढीसुद्धा नाही, आत टेकली होती. फरशी वर आली, तिच्याबरोबर कमोड वर आला, पाइप मात्र जुन्याच जागी राहिला. त्या १२ मिलिमीटरभोवती भरलेलं सिमेंट निम्मं पाइपात गळून पडलं होतं. हात घालून त्याचे तुकडे काढले.

शिवाय सिमेंट पीव्हीसीला धरत नाही. पाइप गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला नुसतं टेकतं. चकाकी असलेल्या चिनी मातीलाही तसंच. आणि वाळल्यावर ते दगडासारखं ताठ होतं, बसणाऱ्या माणसाच्या वजनानं कमोड सुताएवढा जरी दबला तरी ताठ सांध्याला चीर जाते. इथं कमोड हलायचा, कारण खालच्या टाइलला उतार होता आणि पुढच्या बाजूला पोकळी राहिली होती. खालच्या दोन टाइल टकटक केल्यावर भद्द वाजल्या, म्हणजे त्यांच्याखाली माल पुरता पोचला नव्हता. पाय टेकवायला जमीन पक्की नाही, उभा राहायला पातळी नाही, स्क्रू नाही. सगळा भार पांढऱ्या सिमेंटच्या त्या पट्टीवर. ती टिकलीच नसती.

माझं ठाम मत असं आहे की कमोडभोवती दिसणारी पांढरी रेघ म्हणजे सील नव्हे. पाणी आणि वायू अडवायचं काम खालच्या सांध्याचं आहे. वरची रेघ अंघोळीचं पाणी आणि घाण आत जाऊ नये म्हणून आहे. खालचा सांधा कच्चा असताना वरची रेघ पक्की करणं याच्याइतकं घातक दुसरं काही नाही, कारण मग गळती दिसायची बंद होते आणि पाया, भिंत, धान्य यांना जाऊन लागते.

दुरुस्तीचे दोन रस्ते होते. एक, लांब गळ्याचा रबरी पॅन कनेक्टर आणून तो खोल गेलेल्या पाइपात उतरवायचा आणि कमोड ठेवायचा. फोडाफोड नाही, अर्ध्या दिवसाचं काम. दुसरा, पाइपाचं तोंडच नव्या जमिनीच्या पातळीला आणायचं. काकांचा कल पहिल्याकडे होता. पाइपाची कड चांगली असती तर मीही तोच निवडला असता. पण जुना सांधा ठोकून काढताना कड एका बाजूनं चिरली होती, आणि चिरलेल्या पाइपात कितीही चांगलं रबर घातलं तरी चिरेतून पाणी वाट काढतं. शिवाय पोकळ वाजणाऱ्या दोन टाइल काढायच्याच होत्या. त्या काढल्या की पाइपाभोवती काम करायला जागा आपोआप मिळत होती.

टाइल काढून पाइपाभोवती छिन्नीनं हळूहळू खळगा केला, पाइपाला धक्का न लावता. मग चिरलेला भाग जाऊन आणखी थोडा खाली पाइप सपाट कापला. किती खाली, याचा हिशेब आधी केला होता: कपलर, म्हणजे पाइपावर चढणारा जोडतुकडा, बसवल्यावर त्याचं वरचं तोंड टाइलच्या पृष्ठभागाशी बरोबर यायला हवं. कपलरचं वरचं तोंडच कमोडच्या नळीला घेणार होतं, त्यामुळे मध्ये आणखी तुकडा जोडायची गरज उरली नाही. पाइपाची बाहेरची बाजू धुऊन, पूर्ण वाळवून, पॉलिश पेपरनं घासून सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे पीव्हीसी चिकटवायचं द्रावण, लावलं आणि कपलर दाबून धरला. ओल्या पाइपाला सॉल्व्हंट नीट धरत नाही. पावसाळी दिवस होते, म्हणून खळग्यातलं पाणी पुन:पुन्हा टिपत बसावं लागलं. त्यात घाई केली असती तर पुढचं सगळं वाया गेलं असतं. कपलरच्या बाहेरून सॉल्व्हंटचा हात देऊन त्यावर कोरडी वाळू चिकटवली. ही जुनी युक्ती आहे, पण फार मोलाची. वाळूचा खरबरीतपणा मिळाला की भोवतीचा माल पाइपाला पकड घेतो. मग वॉटरप्रूफिंग पावडर घातलेल्या मालानं खळगा ठासून भरला आणि दोन्ही टाइल पुन्हा बसवल्या.

टाइल बसवताना एक फरक केला. कमोडच्या बुडाएवढी जागा पाणसळ लावून सपाट ठेवली आणि उतार तिच्या पुढून सुरू केला. पूर्ण खोलीला एकसारखा उतार द्यायची सवय मिस्त्रींना असते, आणि न्हाणीसाठी ती बरोबरच आहे, पण कमोड उतारावर उभा केला की तो डुगडुगणार. नव्या टाइलची छटा जुन्यांपेक्षा थोडी फिकी निघाली. वहिनींना ते खटकलं. त्या कमोडखाली निम्म्याहून जास्त झाकल्या जातात हे दाखवल्यावर त्या मानल्या.

माल दोन-तीन दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवला आणि मग वाळू दिला. तोवर कमोडच्या नळीवरचं जुनं सिमेंट खरवडून काढलं, कण राहिला तरी रबर नीट बसत नाही. मग नळीवर पातींचं रबरी कनेक्टर चढवलं, कमोड एकदा कोरडाच ठेवून पाहिला, सरळ आहे याची खात्री केली, आणि स्क्रूच्या जागा पेन्सिलनं टाइलवर उतरवल्या. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा ठोके मारणारा भाग बंद ठेवला, कारण चकाकीचा थर ठोक्यानं फुटतो. वरचा थर पार झाल्यावरच ठोके चालू केले. भोकात प्लग घालण्याआधी थोडं सिलिकॉन भरलं, नाहीतर स्क्रूच्या वाटेनं पाणी टाइलखाली जातं. कनेक्टरच्या पातींना साबणाचं पाणी लावून कमोड सरळ खाली दाबला. तिरपा घातला तर पाती उलटी होते आणि नंतर कुणाला कळतही नाही. स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले. चिनी माती तडकण्याआधी कसलाही इशारा देत नाही, म्हणून हाताला घट्ट लागल्यावर थांबलो.

सिलिकॉन कोणतं घ्यायचं यावर दुकानात काकांशी बोलणं झालं. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं स्वस्त मिळतं, काचेला ते उत्तम. पण सिमेंटच्या सांध्यावर आणि मालावर त्याची पकड भरवशाची नसते. म्हणून बिनवासाचं, न्यूट्रल लिहिलेलं, बुरशी न धरणारं घेतलं. कोरड्या जमिनीवर एकच सलग रेघ ओढली आणि ओल्या बोटानं बसवली. साधारणपणे ते चोवीस तासांत दोन-तीन मिलिमीटर आत वाळतं, आणि वाळायला हवेतला ओलावा लागतो. वैशाखातल्या आपल्या कोरड्या हवेत ते उलट सावकाश पिकतं, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. जाड पट्टा ओढला तर वरून वाळलेला आणि आतून कच्चा, असा राहतो. एक पूर्ण दिवस कुणी वापरायचं नाही असं सांगून दाराला कडी लावली.

रेघ तीनच बाजूंनी ओढली. मागच्या बाजूला चार बोटं जागा उघडी ठेवली. यावर काकांचा आक्षेप होता: "मांगं उघडं ठेवलं तं पानी आत नाई जानार का?" या बाबतीत कारागिरांतही दोन मतं आहेत आणि चारी बाजू बंद करणारे सगळे चुकतात असं मी म्हणणार नाही. जिथं मागच्या बाजूलाही अंघोळीचं पाणी उडतं तिथं बंदच करावं लागतं. पण या खोलीत उतार पुढे आहे, मागं पाणी जात नाही. आणि या घरानं बंद सिलिकॉनचा परिणाम पोत्यांवर पाहिलेला होता. उद्या पुन्हा कधी खालचा सांधा सुटला तर पहिला थेंब त्या चार बोटांतून दिसेल. हे कारण ऐकल्यावर त्यांनी मान हलवली आणि वहिनींना तिथं हाताने पुसून पाहायला सांगितलं.

मग पुन्हा निळीची बादली, पुन्हा अंथरलेला कागद. एकामागून एक बादल्या भसाभस ओतल्या, जेणेकरून पाइपात पाणी चढेल आणि सांध्याला भिडेल, कारण साध्या फ्लशला तो टिकला एवढ्यानं भागणार नव्हतं. कागद कोरडा राहिला. वास त्याच दिवशी गेला. सांध्यांवरचं मीठ ओल्या फडक्यानं पुसून टाकलं होतं. नवी रेघ उमटली नाही, आणि हीच माझ्या लेखी सगळ्यात भरवशाची साक्ष होती. कोठीची भिंत मात्र वाळायला दिवाळी उजाडली. जाड भिंतीत मुरलेलं पाणी घाईनं निघत नसतं, आणि तोवर भिंतीला रंग लावायचा नाही असं बजावून ठेवलं होतं. तूर वेळेत उन्हात पसरली म्हणून वाचली, एका पोत्याच्या तळाशी काही दाणे काळे पडले तेवढेच.

आजी परतल्या. आल्यावर त्यांनी आधी पाहिली ती गोष्ट म्हणजे बसताना हलतं का. हलत नाही म्हटल्यावर सुनेला म्हणाल्या, आता डाव्या हाताला धरायला एक दांडी लावून द्या. ते काम सगळ्यांच्या डोक्यातून सुटलं होतं. भिंतीत पक्क्या बोल्टवर स्टीलची दांडी बसवली.

टाइल बसवणाऱ्या मिस्त्रींशी मी मुद्दाम बोललो. माणूस कामाचा आहे, मन लावून करतो. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पाइप प्लंबरचा, मी टाइलवाला. आणि ज्या प्लंबरनं कमोड बसवला होता त्याला टाइल लावल्याचं कुणी कळवलंच नव्हतं. घरच्यांना वाटलं, जो काढतो तोच परत बसवतो, यात विचारायचं काय. यात कुणी कामचुकार नव्हतं. पण जमिनीची उंची बदलणार हे एकाला माहीत होतं आणि उंची बदलल्यानं सांधा सुटतो हे दुसऱ्याला. दोघं एका वेळी त्या खोलीत कधी उभेच राहिले नाहीत. टाइल घेण्याआधी पाइपाचं तोंड किती वर न्यावं लागेल एवढा एक प्रश्न विचारला असता तर कपलरच्या किमतीत सगळं भागलं असतं. टाइल लावून झाल्यावर तेच काम फोडाफोडीसह अनेक पटीनं महाग पडलं.

हाच हिशेब भिंतीलाही लागू आहे, म्हणून इथंच सांगून ठेवतो. या घरात भिंतीच्या टाइल जुन्याच ठेवल्या होत्या. पण भिंतीलाही नव्या टाइल लावल्या की भिंत पुढे येते आणि पाइपाच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर कमी होतं. एस-ट्रॅपचा कमोड ठरावीक अंतराचा, नऊ इंची किंवा बारा इंची, असा घेतलेला असतो आणि ते अंतर टाइल लावलेल्या भिंतीपासून धरायचं असतं. भिंत अर्धा इंच पुढे आली तरी मागची टाकी भिंतीला अडते आणि नळी पाइपाच्या मध्यावर बसत नाही. मागच्या भिंतीत तोंड असलेल्या पी-ट्रॅपला तर जमीन वर येणं जास्तच जाचतं: जमिनीबरोबर कमोडचं तोंड वर जातं आणि भिंतीतला पाइप खालच्या उंचीलाच राहतो. तिथं कनेक्टर वाकडा करून ओढून बसवलेला मी पुष्कळ घरांत पाहिला आहे.

शोषखड्ड्याचं काम अजून बाकी आहे. सांधा पक्का झाला म्हणून गळती थांबली, पण पाणी चेंबरमध्ये अजूनही पावसाळ्यात तुंबणारच, कारण खड्डा आहे त्याच काळ्या मातीत आहे. तो जास्त रुंद करून, विटांचे तुकडे आणि खडीनं भरून, शक्य झालं तर खालच्या मुरमाच्या थरापर्यंत नेऊन पाहायचा असं ठरलं आहे. बोअर जवळ असल्यानं खड्डा बोअरपासून लांब, घराच्या दुसऱ्या अंगाला घ्यावा लागेल, आणि त्यासाठी चेंबरपासून नवा पाइप टाकावा लागेल. हरभरा निघाला, शेत मोकळं झालं, की उन्हाळ्यात जमीन कोरडी असताना ते खोदायचं आहे. टाइलवाले मिस्त्री आणि मी, दोघांनीही त्या दिवशी तिथं हजर राहायचं कबूल केलं आहे.